तिसरी माफी

मावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चेहरा पाहिला नाही, हात पाहिला. वरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला मी फाटकात उभी होते. काय बोलायचं ते रिक्षात घोकत आले होते आणि फाटकाशी येईपर्यंत सगळं विसरले होते. त्यांनी माझं मनगट धरलं, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि दोन बोटांनी टिचकी मारली.

"शीर बारीक आहे," त्या म्हणाल्या. "पण सरळ आहे. ये वर, खोली दाखवते."

माणसं ओळखायची त्यांची ही पद्धत होती. देवळालीकडच्या एका दवाखान्यातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण वॉर्ड त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. छातीवर अजून उलटं घड्याळ टाचलेलं असायचं. कॉलनीत कोणी नवं राहायला आलं, की लोक विचारत, कुठल्या गावचे, काय करतात. मावशी विचारत, "शीर कशी आहे?" रिक्षावाल्याने सुटे परत करायला हात पुढे केला, तर तो हात धरून त्या म्हणत, "वा! आंधळ्यालासुद्धा सापडेल." रिक्षावाला गोंधळून नमस्कार करायचा.

मी त्यांना आधी आंटी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आंटी दुकानात असते, बिस्किटं विकायला. मावशी म्हण." कॉलनी त्यांना मेट्रनबाई म्हणायची.

दुसरं त्यांना खटकायचं ते माझं 'सॉरी'. वडिलांची बँकेतली बदलीची नोकरी, त्यामुळे मी गावोगावच्या इंग्रजी शाळांत शिकले आणि प्रत्येक शाळेत नवीन मुलगी म्हणून कोपऱ्यात बसले. तिथे एक शिकले होते. कोणी आपल्याकडे बघायच्या आत सॉरी म्हणून टाकायचं. दार वाजलं तर सॉरी, कुकरची शिट्टी झाली तर सॉरी. एकदा मावशींच्या मांजरीला माझा पाय लागला आणि मी तिलाही सॉरी म्हटलं.

"कशाबद्दल?" मावशींनी विचारलं.

"ते... पाय लागला."

"मग तसं सांग तिला. सॉरी म्हणजे नुसती शिंक. आली आणि गेली. माफी मागायची, तर काय केलं ते तोंडाने म्हणावं लागतं. मग समोरच्याने माफ केलं म्हणावं लागतं. तोवर ते उघडंच."

हे सगळं त्या मांजरीसमोर, मला उभं करून. मी म्हटलं, "माझा पाय लागला, माफ कर." मांजर निघून गेली. "राहिलं बघ तुझं," मावशी म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या.

त्या ज्यू होत्या, हे मला महिनाभराने कळलं. माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्यू होते, पण ते सगळे थंडीच्या देशांत, लांब कोट घातलेले. त्यातलं कोणी बांगडा तळत नव्हतं. मावशी मूळच्या अलिबागकडच्या. आडनावाच्या शेवटी 'कर', रविवारच्या रश्शात नारळाचं दूध, आणि चिडल्या की ओठावर थेट समुद्राकाठची मराठी. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी त्या काचेच्या ग्लासात तेलाची वात लावत, आणि तिच्या शेजारी स्टीलच्या पेल्यात फुलं ठेवत. फुलं तात्यांकडची. तात्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा आमच्या कंपाउंडला लागूनच होता. बाजाराला निघताना ते पानात बांधलेली फुलांची पुडी मावशींच्या ओट्यावर टाकत. मावशी पूजा करत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. "फुलाला कुठं माहितीये कुणाच्या घरी चाललं ते," ते म्हणायचे.

मावशींच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे एक उपास. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशीचा अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. दिवसभर पांढरी साडी नेसून, प्रार्थना म्हणत, वर्षभरातल्या चुकांची देवाकडे माफी मागायची. कोकणातले त्यांचे जुने लोक त्याला दार लावायचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराचं दार बंद. नाशकात त्यांचं सिनेगॉग नाही. पूर्वी त्या ठाण्याला बहिणीकडे जात, पण गुडघ्यांनी संप केल्यापासून घरातच दार लावून बसत. त्यांची तिथी चंद्रावर चाले, तीही दशमीच. त्यामुळे हा उपास एखाद्या वर्षी गणपतीत यायचा, नाही तर दसऱ्याच्या आगेमागे. "तुमचा आणि आमचा चंद्र एकच," मावशी म्हणत. "फक्त आमच्याकडे आला की उपाशी राहतो."

माझ्या पहिल्या वर्षी तो गणपतीत आला. आदल्या दिवशी मावशी समोरच्या काकूंना म्हणाल्या, "उद्या माझा उपास आहे, दार वाजवू नका." काकूंनी यातला पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. उपास शब्द ऐकल्यावर आमच्या कॉलनीला दुसरं काही ऐकू येत नसे. सकाळीच काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. दार बंद, म्हणून डबा ओट्यावर ठेवून गेल्या. मग कोणीतरी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ठेवली. मग राजगिऱ्याचे लाडू. मग बटाट्याचा कीस. दुपारी मी जिन्यावरून पाहिलं तर ओट्यावर डब्यांची रांग लागलेली, आणि मांजर प्रत्येक झाकणाचा वास घेत राउंडवर निघालेली. काकू अस्वस्थ होऊन मला हाक मारत होत्या, "अगं, आतून काही हालचाल नाही. चक्कर तर नाही ना आली? निदान कॉफी तरी?"

"काकू, त्या पाणीपण पीत नाहीत."

"पाणी नाही?" काकूंनी पदर तोंडाला लावला. "मग त्याला उपास कसा म्हणायचा? ही तर शिक्षा!"

अंधार पडल्यावर मावशींनी दार उघडलं. चेहरा सुकलेला, पण डोळे असे स्वच्छ, जणू कोणी पुसून ठेवले होते. आधी त्यांनी निफाडच्या काळ्या मनुकांचं, रात्रभर भिजवून केलेलं सरबत घेतलं. मग रांगेतला एकेक डबा उघडून सगळं गार अन्न खाल्लं. खाता खाता मला म्हणाल्या, "तुमच्या उपासात माणूस रोजच्यापेक्षा जास्त खातं गं. फार चांगला धर्म आहे."

पण खरी गंमत त्या उपासाच्या आधीच्या दिवसांत असायची. देव फक्त देवाच्या बाबतीत केलेल्या चुका माफ करतो, माणसांच्या बाबतीत केलेल्या माणसांकडूनच माफ करून आणाव्या लागतात, असा त्यांचा नियम. त्यामुळे मावशी पांढरी साडी नेसून, घड्याळ टाचून घरोघरी जात. कॉलनीतले लोक त्याला 'माफीचा राउंड' म्हणत आणि वाट बघत, कारण त्यात बातम्या असत.

"काकू, तुमच्या सुनेला मी आळशी म्हटलं, दळणवाल्याजवळ. आळशी ती आहे, पण मी म्हणायला नको होतं. माफ करा."

काकूंना सुनेबद्दलचं ते मत इतकं आवडलं की त्यांनी लगेच माफ केलं. सून आतून म्हणाली, "माझी माफी कोण मागणार?" मावशी आत जाऊन तीही मागून आल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी इस्त्री करत होते. "तू अंघोळीला गेलीस की गातेस," त्या म्हणाल्या. "मी ऐकते. एकदा बहिणीला फोनवर ऐकवलं. तिने तिच्या नणंदेला दिला फोन."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. मी चारचौघांत नावसुद्धा हळू सांगायचे. "इट्स ओके," मी म्हटलं.

"ओके नको. माफ केलंस का?"

मला ते दोन शब्द म्हणायला वेळ लागला. इंग्रजीत एवढं झटकन जमणारं मराठीत इतकं जड का व्हावं? शेवटी म्हटलं, "माफ केलं." आणि खरंच केलं गेलं. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये मी आधी गप्प राहिले, मग थोड्या मोठ्याने गायले.

दुसऱ्या वर्षी मात्र राउंड अडला. अडला तो तात्यांच्या दारात.

झालं ते असं. गणपतीच्या तोंडावर मळ्याच्या कुंपणाच्या गंजक्या तारेने तात्यांचा दंड फाटला. मावशींनी ओट्यावर बसवून जखम धुतली, पट्टी केली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तात्या म्हणजे भरघोस मिशांचा, पोतं एका हाताने उचलणारा माणूस. सुई दिसताच ते असे ओरडले की जांभळावरचे पोपट उडाले. "दुसरा डोस महिन्याने," मावशी म्हणाल्या. तात्या म्हणाले, "महिन्याने बघू, जगलो वाचलो तर."

इथपर्यंत ठीक होतं. पण गणपतीत कॉलनीचा गुणदर्शनाचा कार्यक्रम असतो, आणि कोणीतरी मावशींच्या हातात माईक दिला. त्यांनी तो सगळा प्रसंग करून दाखवला. मिशा पिळणं, सुई पाहून डोळे फिरवणं, ती आरोळी, पोपटांसकट. मांडव हसून लोळला. तात्यांची सून हसली, नातवंडं हसली. तात्या मागे आरतीचं ताट धरून उभे होते. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि ते निघून गेले. गर्दीत मी कायम कडेला उभी असते, त्यामुळे असल्या गोष्टी मला दिसतात.

घरी येताना मावशींनी विचारलं, "तात्या हसला का गं?"

"नाही."

त्या वाटेतच थांबल्या. "पेशंट होता तो माझा," त्या म्हणाल्या. "सगळी नोकरी काढली, एका पेशंटची गोष्ट कधी बाहेर काढली नाही. मोठमोठे साहेब रडलेत माझ्यासमोर. आणि टाळ्यांसाठी मी ह्याला विकला."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुडी नव्हती. त्यानंतरही नाही. शुक्रवारी स्टीलचा पेला रिकामाच वातीशेजारी उभा राही.

त्या वर्षी उपास दसऱ्याच्या संध्याकाळी सुरू होणार होता. नवरात्र बसल्यावर मावशी मळ्यात गेल्या. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. तात्या फुलं खुडत होते. "तात्या," मावशी म्हणाल्या, "तुझी गोष्ट मी चार लोकांत सांगितली. माझं चुकलं. माफ कर." तात्यांनी वर पाहिलं नाही. ते उठले आणि त्यांनी पाण्याची मोटर चालू केली. मोटरच्या आवाजात मावशींचं पुढचं वाक्य वाहून गेलं.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तात्या खाटेवर बसले होते. मावशींनी पुन्हा तेच सगळं, सून-नातवंडांसमोर म्हटलं. तात्या सुनेकडे वळले. "सूनबाई, बाईंना चहा दे. आन् सांग त्यांना, आमी भित्री मानसं. आमाला माफीबी झेपायची नाय." मावशींनी चहा घेतला, बशी पालथी घातली आणि आम्ही परत आलो.

उरलेला राउंडसुद्धा त्यांनी नुसता उरकला. कॉलनीला काही मजा आली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली गेले तर त्या मनुका धूत होत्या. मी धीर करून विचारलं, "परत एकदा जायचं का तात्यांकडे?"

"नाही."

"पण आज संध्याकाळी..."

"आमच्यात तीनदा मागायची असते," त्या म्हणाल्या. "मनापासून तीनदा मागितली आणि समोरच्याने तरी नाही म्हटलं, की आपण सुटलो."

"मग मागा ना. नाही म्हणाले तरी तुम्ही सुटाल."

"मी सुटेन." त्यांनी चाळणी हलवली. "आणि तो अडकेल. न केलेली माफी त्याच्या नावावर चढते. सुई टोचली तर मेल्यासारखा ओरडतो तो, हे कसं सोसेल? नाही बाई. चूक माझी, बोजा त्याच्यावर का? तिसरी मागणारच नाही मी. राहू दे माझ्याकडे."

"मग तुमचा उपास?"

"कच्चा राहील." त्या हसल्या, पण ते हसू लगेच विझलं. "देवाचं एक वेळ चालेल गं. तो मोठा आहे. पण ह्या संध्याकाळी आमची गेलेली माणसं घरी येतात, अशी जुन्यांची समजूत. आमची आई सुईण होती. गावातल्या एका बाईची गोष्ट तिने कधी तोंडातून काढली नाही. आज ती येईल. तिला काय तोंड दाखवू?"

मनुकांचं पाणी काळं झालं होतं. मी सॉरी म्हणणार होते. म्हटलं नाही.

वर जाऊन मी स्कूटीची किल्ली घेतली. रिक्षा थांबवायलासुद्धा ज्या मुलीचा आवाज फुटत नाही, ती दसऱ्याच्या बाजारात कोणाशी काय बोलणार होती, कोण जाणे. रविवार कारंजाकडे पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या ताडपत्रीवर झेंडूच्या ढिगाआड बसले होते, भोवती गिऱ्हाइकांचं कडं. मी कड्याबाहेर उभी राहिले. बायका मला ढकलून पुढे जात होत्या. शेवटी मी ओरडले, "तात्या!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. माझे कान तापले.

"काय पायजे, ताई? पिवळा का भगवा?"

"मावशी तिसऱ्यांदा माफी मागणार नाहीत," मी म्हटलं. मग काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही. तिसरी माफी, बोजा कोणाच्या नावावर, सुईण आई, सगळं उलटसुलट सांगितलं. एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "अहो, आधी माझी फुलं बांधा." दुसऱ्या म्हणाल्या, "थांबा हो, ऐकू द्या."

तात्यांनी तराजू खाली ठेवला. "म्हंजी मी तिसऱ्या येळंला नाय म्हनलो, तर मला लागंल?"

"हो."

"आन् बाई सुटत्यात?"

"हो."

"मंग मागत का न्हाईत?"

"तुम्हाला लागू नये म्हणून."

तात्यांनी तराजू परत उचलला. मग त्या बाईंची फुलं बांधली, जरा जास्तच घातली, आणि मला म्हणाले, "जा घरी, पोरी. उन्हात उभी राहू नको." एवढंच. मी परत आले. काही झालं का नाही, हेही मला कळलं नव्हतं.

संध्याकाळी मावशी अंघोळ करून, पांढरी साडी नेसून, लवकर जेवून ओट्यावर बसल्या. दार लागायच्या आत त्यांना सोनं द्यायला कॉलनीतले लोक आपट्याची पानं घेऊन येऊन जात होते. "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मावशी पानं घेत, आशीर्वाद देत आणि मध्येच मळ्यावरच्या सूर्याकडे बघत. सूर्य जांभळाच्या शेंड्याशी आला होता. त्या उठल्या. वात लावायची होती, दार लावायचं होतं.

"बाई!"

तात्या फाटकातून आत आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, एका हातात आपट्याची पानं. दुसऱ्या हातात मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बर्फ.

"दुसरा डोस राहिलाय माझा," ते म्हणाले. "महिना झाला."

"आज?" मावशी म्हणाल्या. "तात्या, सूर्य बघ कुठे आलाय! परवा ये."

"परवा नाय. आत्ता. हितंच, समद्यांसमोर." त्यांनी कॉलनीकडे वळून हाक दिली. "या रे या! काकू, या तुमी. तवा हसला व्हता ना, आता बगा." आणि बाही वर सरकवून ते ओट्याच्या पायरीवर बसले. लोक गोळा झाले. मिशीच्या टोकावर घाम दिसत होता.

मावशींनी हात धुतले. सिरिंज भरली. त्यांचा आवाज बारीक झाला. "तात्या, मी तिसऱ्यांदा..."

"मागू नगा," तात्या म्हणाले. "तुमी मागायच्या आधी टोचा."

तात्यांनी डोळे घट्ट मिटले, दातांत सदऱ्याची कॉलर धरली. सुई आत गेली, आणि एक आरोळी उठली. अशी की जांभळावरचे पोपट भर्रकन उडाले, काकूंच्या हातातली पानं सांडली, मांजर छपरावर गेली.

ओरडल्या होत्या मावशी.

सुई जागच्या जागी, हात दगडासारखा स्थिर, आणि तोंडाने "आई गं, मेले, मेले!" शेवटचा थेंब आत जाईपर्यंत त्या ओरडत राहिल्या. तात्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यांच्या तोंडातून कॉलर सुटली आणि ते हसायला लागले. मग काकू, मग त्यांची सून, मग सगळी कॉलनी. या वेळी सगळे मावशींना हसत होते, आणि मावशी कापूस दाबून धरत, डोळे पुसत म्हणत होत्या, "हसा, हसा. चांगलं मोठ्याने हसा!"

तात्यांनी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि वाकले. "माफ केलं हो, बाई. न मागता केलं."

"सूर्य!" काकू ओरडल्या. जांभळामागे लाल कड तेवढी उरली होती. मावशी गुडघे विसरून आत पळाल्या. खिडकीतून वात पेटलेली दिसली. मग दार लागायला आलं आणि फटीतून त्यांचं तोंड पुन्हा बाहेर आलं.

"तात्या, तिसरी शिल्लक आहे हं माझी! पुढच्या वर्षी लागेल!"

दार बंद झालं.

लोक पांगले. तात्या दंडावरचा कापूस धरून पायरीवरच बसले होते. मी जिन्याशी उभी होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "लय जोरात वरडल्या का गं?"

"लय," मी म्हटलं.

"माझ्यापेक्षा?"

मला दोन्ही आरोळ्या ऐकू आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर तात्यांचीच मोठी होती.

"तुमच्यापेक्षा," मी म्हटलं.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि समाधानाने उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दारासमोर ओट्यावर एकही डबा नव्हता. तेवढं कॉलनी शिकली होती. फक्त पानात बांधलेली एक पुडी होती, आतून पांढरी शेवंती दिसत होती, आणि मांजर तिच्या शेजारी राखण करत बसली होती.